आबांच्या हातचा बेदाणा आणि ब्रुनोची वर्षं

‘मावशी, नमस्कार. तासगावपासून जवळच आमचं गाव, द्राक्षबाग आहे, बेदाण्याचं शेड आहे. घरात एक लॅब्रॅडॉर आहे, ब्रुनो, ६ वर्षांचा. २ वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि तेव्हापासनं आमचे सासरे, आबा, दिवसभर त्याच्याशीच बोलत असतात. सकाळी चहाबरोबर बिस्किटं, मग दुधात कुस्करलेली चपाती, दुपारी तूप लावून भाकरी आणि संध्याकाळी ओट्यावर बसून सासूबाईंच्या पितळी वाटीतनं मूठभर बेदाणे, एक स्वतःला एक त्याला. आता ब्रुनोचं वजन ४३ किलो झालंय, चार पायऱ्या चढला की धापा टाकतो, बसला की उठताना मागचे पाय ओढतो. मी एकदा म्हटलं आबा नका हो इतकं देऊ, तर त्या रात्री ते स्वतःच जेवले नाहीत. विट्याचे एक पाहुणे आले होते, ते म्हणाले लॅब १० वर्षांच्या पुढं जात नाही, आत्ताच दुसरं पिल्लू घेऊन ठेवा म्हणजे म्हाताऱ्याला धक्का बसणार नाही, आणि वर कुत्र्यापायी एवढं काय म्हणून हसले. मुलगा आठवीत आहे, त्याला हस्की पाहिजे. मला एवढंच विचारायचंय की ब्रुनोची अजून किती वर्षं आहेत, हस्की घ्यावा का आणि आबांना कसं सांगू?’

अगं पोरी, बाकीचं नंतर वाच, आधी उठ आणि त्या वाटीतले बेदाणे काढून डब्यात भर, आणि डबा वरच्या फळीवर ठेव. वजनाचं, पायाचं, हस्कीचं सगळं सांगते पण ते चार दिवसांनी केलं तरी चालेल, बेदाणा मात्र आजपासनं बंद.

द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याला विष आहे. आपल्या भागात हे सांगितलं की लोक तोंडाकडं बघत राहतात, कारण इथं अख्खी घरं द्राक्षावर उभी राहिली, पोरांची लग्नं बेदाण्याच्या सौद्यावर झाली, त्यात विष कसलं असणार. माणसाला नाहीच, पण कुत्र्याची किडनी त्यानं बंद पडू शकते. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नाही, एखादं कुत्रं वाटीभर खाऊन पण ठणठणीत राहतं आणि एखाद्याची थोडक्यावरच किडनी जाते, आणि ज्याला कालपर्यंत काही झालं नाही त्याला उद्या होणार नाही असं पण नाही. म्हणजे आबा म्हणतील की २ वर्षं देतोय काय झालं का, तर ते खरंच बोलतायत, ब्रुनो आजपर्यंत वाचला एवढाच त्याचा अर्थ. २०२१ पासून अमेरिकेतल्या जनावरांच्या विषबाधेवर काम करणाऱ्या डॉक्टरांचा संशय टार्टरिक ॲसिडवर आहे, द्राक्षात असतं आणि चिंचेत पण असतं ते. बेदाण्यात पाणी उडून गेलेलं असतं म्हणून द्राक्षापेक्षा मूठभर बेदाणा जास्त जड जातो.

आणि तुमचं शेड आहे म्हणतेस, मग हंगामात ब्रुनो तिकडं फिरत असणार, रॅकखाली सांडलेलं खात असणार. ते पण बंद करा, दाराला जाळीचं फाटक लावा. तिथं द्राक्षं वाळवायच्या आधी ज्यात बुडवतात त्या डिपिंग ऑइलचे कॅन असतात, गंधकाची धुरी असते, बागेत फवारणीची औषधं असतात, उंदरासाठी ठेवलेलं काहीबाही असतं, लॅब जातच अशी की दिसलं ते तोंडात घालणार. घरात शिरा, लाडू, खीर, पुलाव यातनं पण बेदाणा जातो तेवढं ध्यानात ठेव. कधी चुकून खाल्लंच तर लगेच, म्हणजे उलटी व्हायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा, कारण पहिल्या एकदोन तासांत ते औषध देऊन उलटी करवू शकतात. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नकोस, त्यानं वेगळंच संकट होतं. खाल्ल्यानंतर दिवसभरात उलट्या, मलूल पडणं, अन्नाला तोंड न लावणं असं दिसलं आणि मग लघवी कमी झाली तर प्रकरण किडनीपर्यंत गेलं असं समज. आणि २ वर्षं रोज खाल्लाय तर आत्ता एकदा रक्त तपासून घ्या, किडनीची क्रिएटिनिनची टेस्ट होते, त्याच रक्तात थायरॉईड पण बघायला सांग, कारण लॅब कधीकधी थायरॉईडमुळं पण फुगतो आणि आपण नुसतं खाण्याला दोष देत बसतो.

आता वयाचं. पाहुणे १० म्हणाले ते साफ खोटं नाही पण पूर्ण खरं पण नाही. लॅबचं आयुष्य साधारण १० ते १२ वर्षं धरतात, १३-१४ गाठलेले लॅब मी स्वतः बघितलेत. मोठ्या अंगाची कुत्री लवकर जातात आणि लहान अंगाची जास्त जगतात हे बाकी खरं आहे, ग्रेट डेन ७ ते १० वर्षांत संपतो, रॉटवायलर ९-१० ला, जर्मन शेफर्ड ११-१२ पर्यंत, आणि आपल्याकडं घरोघरी असायचं ते पॉमेरेनियन १४-१५ वर्षं आरामात भुंकत राहतं. गावठी कुत्रं रस्त्यावर असेल तर गाडीखाली नाहीतर रोगानं लवकर जातं, पण तेच घरात पाळलं, लसी दिल्या तर १३-१५ वर्षं सहज. आमची राणी १५ वर्षांची होऊन गेली, गावठीच होती.

पण हे आकडे म्हणजे जातीचे आकडे, ब्रुनोचा आकडा तुमच्या घरात ठरतोय. याचा एक मोठा अभ्यास झालाय आणि तो नेमका लॅब्रॅडॉरवरच झालाय म्हणून सांगते. अमेरिकेत एका कुत्र्याचं खाणं बनवणाऱ्या कंपनीनं ४८ लॅबची पिल्लं घेतली, एकाच वेताची दोन दोन अशी जोडी लावली, जोडीतल्या एकाला जेवढं खायला दिलं त्याच्या पाऊण भाग दुसऱ्याला, खाणं तेच, फक्त २५ टक्के कमी, आणि असं त्यांची आयुष्यं संपेपर्यंत, जवळजवळ १४ वर्षं चालवलं. २००२ मध्ये ते छापून आलं. भरपेट खाणाऱ्यांतली निम्मी ११.२ वर्षांपर्यंत गेलेली होती आणि कमी खाणाऱ्यांत तोच आकडा १३ वर्षं निघाला. जवळजवळ पावणेदोन वर्षं जास्त, ना औषध ना टॉनिक, नुसत्या भांड्यातनं! सांधेदुखीवर औषध सुरू करायची वेळ पण कमी खाणाऱ्यांना कितीतरी उशिरा आली. मी जेव्हा हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या घरातली सगळी कुत्री आठवली आणि रात्री झोप लागली नाही.

आणि ते कुत्र्याचं १ वर्ष म्हणजे माणसाची ७ हे सोडून दे. पहिल्याच वर्षात कुत्रं १५ वर्षांच्या पोराएवढं होतं, दुसऱ्यात आणखी ९ वर्षं धर, मग पुढं प्रत्येक वर्षाला ५ च्या आसपास, म्हणजे तुझा ब्रुनो आत्ता ४४-४५ चा गडी आहे. म्हातारा नाही तो. ४५ चा माणूस चार पायऱ्या चढून धापा टाकायला लागला तर आपण त्याला दुसरा भाऊ आणून देत नाही गं, डॉक्टरकडं नेतो.

लॅबच्या नराचं वजन साधारण २९ ते ३६ किलो असतं, हाडापेरानं दांडगा असेल तर आणखी एखाद किलो. म्हणजे ब्रुनोच्या अंगावर ७-८ किलो जास्तीचं आहे, ७-८ किलो म्हणजे पाठीवर अर्धी बेदाण्याची पेटी बांधून दिवसभर फिरायचं, मग मागचे पाय ओढणार नाहीत तर काय होईल. लॅबच्या खुब्यात मुळातच दोष असू शकतो, हिप डिस्प्लेशिया म्हणतात, तो आहे का ते एक्सरेवर कळेल, सांगली मिरजेत होतो एक्सरे, आणि फारच गुंतागुंतीचं निघालं तर सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं पशुवैद्यकीय कॉलेज आहे तिथं दाखवता येतं. पण खुबा बिघडलेला असो नसो, पहिला उपाय वजन कमी करणं हाच आहे. आणि पाय दुखतात म्हणून घरातली माणसाची गोळी कधी देऊ नका, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुठलीच नाही, त्यानं पोटात जखमा होतात, लिव्हर किडनी जाते. ही चूक चांगली शिकलेली माणसं पण करतात.

वजन बरोबर आहे का हे काट्याशिवाय पण कळतं. तुझा हात सपाट पसर आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या वरच्या बाजूनं फिरव, हाडं लागतात पण टोचत नाहीत, ब्रुनोच्या बरगड्या तशा लागायला पाहिजेत. मुठीच्या गाठींसारख्या टोचल्या तर फार वाळलाय, आणि तळहातावर फिरवल्यासारखं मऊ लागलं, बरगडी शोधायला लागली, तर चरबी आहे. वरनं बघितलं तर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. आत्ता तो मला वाटतं पिंपासारखा दिसत असेल.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडं येते, तो आबांचा आहे. तू पत्रात तो शेवटी लिहिलास पण वाचताना मला तोच आधी दिसला. बाई गेली, घरात बोलायला कोणी नाही, तुम्ही सगळे आपापल्या कामात, आणि संध्याकाळच्या वेळेला जे जोडीनं बसायचं त्या ओट्यावर आता ब्रुनो बसतो. आबा कुत्र्याला बेदाणे चारतायत असं तुला दिसतंय, त्यांच्या लेखी ते कोणाला तरी जेवायला वाढतायत. तू नका देऊ म्हणालीस तेव्हा त्यांना कानाला वेगळंच ऐकू आलं असणार की आता याची पण गरज नाही. म्हणून जेवले नाहीत. यात तुझी चूक नाही आणि त्यांची पण नाही.

माझ्या आईचं असंच होतं, शेवटची ४ वर्षं ती आमच्याकडं सांगलीत विश्रामबागला होती, आणि ताटातलं राणीला दिल्याशिवाय स्वतः घास घ्यायची नाही. मी पहिले सहा महिने नुसती भांडले. मग एकदा कंटाळून मी राणीचं दिवसाचं सगळं खाणं सकाळी एका स्टीलच्या डब्यात मोजून भरलं आणि आईच्या हातात दिलं आणि म्हटलं आई, आजपासनं हिचं जेवण तुझ्याकडं, मी एक दाणा देणार नाही, किती वाजता किती द्यायचं तू ठरव, फक्त डबा संपला की संपला. त्या दिवसापासनं आईनं कोणाला राणीला हात लावू दिला नाही. पोरांनी बिस्किट टाकलं तर तीच ओरडायची. म्हणून सांगते, आबांकडनं काढून घेऊ नकोस, उलट सगळं त्यांच्याकडं दे. ब्रुनोचे कारभारी आबा.

आणि सांगायचं तू नाहीच. डॉक्टरकडं आबांनाच पाठव ब्रुनोला घेऊन, तुझा नवरा गाडी चालवेल, पण डॉक्टरांसमोर आबा बसले पाहिजेत. डॉक्टरांना आधी फोन करून ठेव की बेदाण्याचं आणि वजनाचं तुम्हीच त्यांना नीट समजावून सांगा. सुनेनं सांगितलं की टोचतं, डॉक्टरनं सांगितलं की ते औषध होतं, आपल्याकडं असंच आहे, त्यात वाईट वाटून घेऊ नकोस.

शिवाय आबा बागायतदार आहेत गं, त्यांना हे तुझ्या माझ्यापेक्षा चांगलं कळतं. त्यांना विचार की आबा, वेलावर सगळे घड ठेवले तर काय होतं? ते म्हणतील वेल दमतो, मण्याला फुगवण येत नाही, पुढच्या वर्षीची काडी पण बिघडते. म्हणून तर विरळणी करतात ना, हातानं चांगले घड काढून टाकताना ज्याचा जीव तुटतो तोच चांगला बागायतदार. ब्रुनोची विरळणी करायचीय एवढंच. आयुष्यात त्यांनी बैल पाळले असतील, शर्यतीचा असो नाहीतर औताचा, बैलाला माज येईल एवढं कोणी चारत नाही हे त्यांना माहीत आहे. फक्त ब्रुनोकडं ते अजून जनावर म्हणून बघत नाहीत, आणि ते मला समजतं.

अजून एक गोष्ट त्यांना जरूर सांग. लॅब सारखा भुकेला दिसतो तो उपाशी असतो म्हणून नाही. २०१६ मध्ये इंग्लंडात केंब्रिजला शोधून काढलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये एक जीन तुटलेला असतो, त्याच्यामुळं खाणं आणि वजन यांचा मेळ मेंदूला नीट लागत नाही आणि कितीही खाल्लं तरी भूक राहते. म्हणजे ते डोळे, ते मांडीवर डोकं ठेवून बघणं, ते खरं असतं, तो नाटक करत नाही, पण पोट भरलेलं असतं. आबांना जो अपराध वाटतो ना की मुकं जनावर मागतंय आणि मी देत नाही, तो यानं थोडा कमी होईल.

मग डब्यात काय भरायचं. दूध बंद कर, मोठ्या कुत्र्याला बऱ्याचदा पचत नाही, जुलाब होतात. बिस्किटं बंद, त्यात मैदा साखरेशिवाय काही नाही. चपाती भाकरी थोडी चालेल, पण नुसत्या धान्यावर कुत्रं पोसू नकोस, त्याला मांसातलं अंड्यातलं प्रोटीन लागतं. ज्वारीची भाकरी नाहीतर भात थोडा, त्याच्याबरोबर बिनमिठाचं बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन किंवा अंडं, आणि निम्म्याला लाल भोपळा, गाजर, फरसबी उकडून. घरचंच देणार असाल तर कॅल्शियम आणि व्हिटॅमिन काय द्यायचं ते डॉक्टरांकडनं लिहून घ्या, नाहीतर हाडं कमजोर होतात. पॅकेटचं द्यायचं तर वजन कमी करायचं वेगळं मिळतं, महाग असतं, पण मोजायला सोपं. कांदा लसूण अजिबात नाही, त्यानं रक्तातल्या लाल पेशी फुटतात, म्हणजे मटणाचा रस्सा कालवून दिला की झालं, आपल्याकडचा रस्सा कांदा खोबऱ्याशिवाय होतो का कधी. शिजवलेली हाडं नाहीत, ती फुटून आतड्याला टोचतात. चॉकलेट नाही, बिनसाखरेचं च्युइंगम नाही, त्यातलं झायलिटॉल कुत्र्याला फार घातक. दिवसातनं दोन वेळा जेवण, आणि मधला खाऊ सगळ्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको. एकदम उपाशी मारू नका, आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास उतरलं तर बास, म्हणजे चारपाच महिने लागतील, घाई नाही.

फिरवायचं पण आबांनीच. सुरुवातीला सकाळी १० मिनिटं, संध्याकाळी १०, मग हळूहळू वाढवत अर्धा तास. सकाळी उन्हं चढायच्या आत. मार्च ते मे आपल्याकडं पारा चाळिशीला टेकतो आणि कुत्र्याला घाम फक्त पंजाला येतो, बाकी सगळी उष्णता जीभ बाहेर काढून धापेतनंच जाते, त्यात ब्रुनोच्या अंगावर चरबीचं पांघरूण. डांबरी रस्त्यावर आपला हात पालथा ठेवून बघ, ५-७ सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पाय पण भाजणार. कुत्र्याचं नेहमीचं तापमान आपल्यापेक्षा जास्त असतं, १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट, १०४ च्या वर गेलं, लाळ घट्ट झाली, पाय लटपटले तर सावलीत आणून साधं पाणी अंगावर, पोटाला, जांघेत ओतायचं, पंखा लावायचा आणि डॉक्टर गाठायचा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

गोचीड. यावर मी थोडी जास्त बोलणार आहे कारण आमचा पहिला मोती यातच गेला, ५ वर्षांचा होता, ऑक्टोबरचा महिना होता, खायचा थांबला, आम्ही म्हटलं ऊन लागलं असेल, दोन दिवस ताक पाजत बसलो, तिसऱ्या दिवशी नाकातनं रक्त आलं तेव्हा पळालो. गोचीडतापच होता. वेळेत नेला तर गोळ्यांवर बरा होतो हो, साधी अँटिबायोटिकची गोळी असते त्यातल्या एका प्रकारावर, पण आम्ही तीन दिवस घालवले आणि मला ते तीन दिवस अजून आठवतात. शेतघरात गाईम्हशी असतात, गवत असतं, म्हणजे गोचीड असणारच, पावसाळ्यात आणि पाऊस सरल्यावर जास्त. रोज संध्याकाळी आबांनी ब्रुनोवरनं हात फिरवायचा, कानाच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या मध्ये, जांघेत, शेपटीखाली. दिसला की चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायचा, बोटानं चिरडायचा नाही, रॉकेल लावायचं नाही, काडी लावायची नाही. आणि गोठ्यात जनावरांच्या गोचिडाला आणलेलं औषध अंदाजानं कुत्र्यावर ओतू नका, ते त्याच्या अंगाला जास्त होतं आणि तो चाटतो पण. कुत्र्यासाठी महिन्याला किंवा तीन महिन्याला द्यायची गोळी मिळते, मानेवर टाकायचे थेंब मिळतात, वजन सांगून घ्या. मलूल दिसला, ताप आला, हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी गडद झाली तर त्याच दिवशी रक्त तपासा.

लसींचं तू काही लिहिलं नाहीस म्हणजे बहुतेक लहानपणी दिल्या आणि सोडून दिल्या. रेबीजची आणि ती अनेक रोगांची एकत्र असते ती, दोन्ही विचारून चालू करा, त्यात लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या रोगाचं पण असतं, पावसाळ्यात उंदराच्या लघवीनं घाण झालेल्या पाण्यातनं येतं, आणि ते माणसाला पण होतं. सांगलीला २०१९ च्या पुराचं पाणी उतरल्यावर चिखलात फिरणारी कुत्री मी बघितलीत, तेव्हापासनं मी ही लस कधी चुकवली नाही. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. आणि कुठल्याही कुत्र्यानं घरात कोणाला चावा घेतला, अगदी आपल्या ब्रुनोनं खेळताना दात लावला तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि दवाखान्यात जायचं, हळद मिरची भरत बसायचं नाही.

हस्की नको. तो सायबेरियातला, चुकची लोकांनी बर्फात गाड्या ओढायला तयार केलेला, अंगावर दोन थरांची लोकर, मैलोनमैल पळायची सवय. त्याला तासगावच्या एप्रिलमध्ये खोलीत कोंडून एसी लावून ठेवायचं आणि लाईट गेली की काय करायचं? पोराला फोटोत निळे डोळे दिसतात, पाळायचा अख्खा कुत्रा असतो. त्याला सांग की जातिवंतच बघायचा असेल तर आपल्या मातीतला कारवानी बघ, उंच, सडपातळ, वाऱ्यासारखा पळतो, आटपाडी जतकडं धनगरांच्या वाड्यावर दिसतो अजून. कर्नाटकात मुधोळला यालाच मुधोळ हाउंड म्हणतात, २००५ मध्ये त्याच्यावर पोस्टाचं तिकीट निघालं. ऊन त्याला चालतं कारण तो याच उन्हात घडलाय. पण तो पण आत्ता आणू नका. त्याला रोज मोकळं रान लागतं, आणि पाहुण्यांचं ते पिल्लू आणून ठेवायचं तर मला अजिबात पटलं नाही. ब्रुनोचं खाणं कमी करायचं आणि त्याच्यासमोर पिल्लाला दिवसातनं चार वेळा वाढायचं, आणि आबांना रोज दिसणार की हे ब्रुनोच्या जागेवर आणलंय. पुढं कधी घ्यायचं ठरलं तर एवढं बघा की पिल्लू आईपासनं ८ आठवड्यांच्या आत तोडलेलं नको, २०१७ च्या नियमानं तसं विकता पण येत नाही.

पोराला वजनाचं काम दे. शेडमध्ये काटा आहेच, दर रविवारी सकाळी ब्रुनोला उभा करायचा, वहीत तारीख आणि किलो लिहायचे, आबांची सही घ्यायची. आठवीतल्या पोराला सही घ्यायला फार आवडतं.

आणि ते पाहुणे हसले ना, त्यांना पुढच्या वेळी सांग की सातारला गेलात तर संगम माहुलीला जाऊन या. तिथं साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या कुत्र्याची, खंड्याची, समाधी आहे. शिकारीत वाघापासनं त्यानं महाराजांचा जीव वाचवला असं सांगतात, आणि छत्रपतींनी त्याला पालखीचा मान दिला. एवढ्या मोठ्या माणसानं कुत्र्यावर जीव लावला तर आमच्या आबांनी लावला म्हणून काय झालं.

किती वर्षं आहेत असं विचारलंस. आज वजन उतरवायला घेतलं, किडनी आणि थायरॉईडचा रिपोर्ट बरा आला, तर अजून ६ वर्षं मी धरून चालते, ७ झाली तरी मला नवल वाटणार नाही. तोवर पोरगं कॉलेजात जाईल.

संध्याकाळचं तेवढं जपून कर. ओट्यावरची ती वेळ मोडू नकोस, ती पितळी वाटी पण बदलू नकोस, सासूबाईंची आहे. त्यात गाजराचे नाहीतर काकडीचे बारीक तुकडे करून ठेव, बेदाण्याएवढेच कर, आणि आबांच्या हातात दे, एक त्यांना एक त्याला. पहिले चारपाच दिवस ब्रुनो तोंड फिरवेल, आबा म्हणतील बघ खात नाही, तेव्हा काही बोलू नकोस, शेजारी बसून तू पण एक तुकडा खा. रिपोर्ट आले की लगेच लिही मला, आकडे जसेच्या तसे लिही.